तीन नंबरचा प्लग

एका रविवारी सकाळी, बऱ्हाणपुरातली सभ्य माणसं मावा जिलेबीच्या कढईसमोर ताटकळत उभी असताना, नंदकुमारनं आपल्या चांगल्या धावत्या गाडीचा तीन नंबरचा प्लग काढला, अंगणातल्या फरशीवर टोक खाली करून उभा धरला आणि वरून वरवंट्यानं हलकेच ठोकला.

प्लगच्या टोकाला एक छोटी वाकडी आकडी असते. तिच्यात आणि मधल्या दांडीत करवतीच्या पात्याएवढी फट असते. त्या फटीतून ठिणगी उडी मारते, म्हणून पेट्रोल पेटतं आणि म्हणून गाडी नावाचा प्रकार जगात चालतो. नंदकुमारनं ती फट मिटवून टाकली. मग प्लग परत बसवला, किल्ली फिरवली, आणि इतका वेळ गुणी सुनेसारखी वागणारी पांढरी पद्मिनी एका पायानं लंगडायला लागली. फट् फट् फट्, गप्प. फट् फट् फट्, गप्प. नंदकुमारच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

स्वयंपाकघराच्या दारातून निर्मला हे सगळं बघत होती.

"वरवंटा मिरचीचा आहे तो," ती म्हणाली. "चटणीला पेट्रोलचा वास आला तर ती तुम्हीच संपवायची."

"पुसून देतो."

"आणि चालती गाडी काहून बिघडवताय?"

"बिघडवत नाही. जरा आजारी पाडतोय. डॉक्टरकडे जायला कारण नको का?"

"त्यापेक्षा सरळ गोटूभावजींकडे जा आणि तोंडानं म्हणा, चुकलं माझं. दिवसभर तर तोंड बंद नसतं तुमचं."

यावर नंदकुमारनं वरवंटा धोतरानं पुसायला घेतला. शनवाऱ्यात त्याचं ब्लाउजपीसचं दुकान होतं आणि त्याच्या तोंडात जगातले सगळे शब्द होते. गणपतीच्या मांडवात माईक त्याच्याच हातात, लग्नात व्याह्यांची खेचायची तर यानंच. गिऱ्हाईक बाईला दाखवलेला एकही रंग पसंत पडला नाही तर तिला हसवून हसवून तो नापसंत रंगच बांधून देई. फक्त "चुकलं" हा एक शब्द त्याच्या मालात नव्हता. गोटूला तो द्यायचा होता. द्यायला उशीर होत चालला होता, आणि जितका उशीर, तितका तो शब्द जड होत होता.

आता गोटू कोण, ते सांगायला हवं.

गोटू मिस्त्रीचं खरं नाव त्याच्या रेशनकार्डालाच ठाऊक. शनवाऱ्यामागच्या लूमवाल्या गल्लीत, पॉवरलूमच्या दोन शेडच्या मधोमध, त्याचं गॅरेज. गॅरेज म्हणजे पत्रा, खड्डा आणि एक देवाचं कॅलेंडर. पण कार्बोरेटरवाल्या गाड्यांचं म्हणाल तर शाहपूरचे केळीवालेसुद्धा आपल्या जुन्या गाड्या घेऊन याच्याच दारात रांग लावत. नव्या गाड्यांना तो हात लावत नसे. "तिच्यात कॉम्प्युटर आहे ना? मग कॉम्प्युटरकडे ने," एवढं बोलून तो विडी पेटवायचा.

त्याची तपासायची पद्धत म्हणजे तमाशाच होता. गाडी चालू ठेवायला सांगायची. मग स्वारी गाडीभोवती एक फेरी मारणार, नवरीच्या मामानं मांडवाला मारावी तशी. मडगार्डवर थोपटणार, सायलेन्सरमागे तळहात धरणार, वास घेणार. आणि मग तीन पावलं लांब जाऊन गाडीकडे पाठ करणार. डोळे मिटून, मान तिरपी. बैठकीतल्या गाण्याला दाद देणारा म्हातारा दर्दी बसतो ना, अगदी तसा. जरा वेळानं एक बोट वर. "दोन नंबर टाकतोय," म्हणजे दोन नंबरचा ठोका चुकतोय. किंवा, "प्लग नई, पॉइंट गेले." मालकानं "उघडून तरी बघ" म्हटलं की हा दुखावायचा. "उघडून तर कोणीही सांगेल भो. बंद डब्यातलं सांगायला गोटू लागतो."

आणि उघडल्यावर बहुतेकदा तेच निघायचं. नाही निघालं, तर त्यात गाडीची चूक असायची.

प्लग निवडताना तर तो गाडीपेक्षा मालकाला जास्त तपासायचा. कुठं राहतोस, कुठं जातोस, गाडीत किती जण कोंबतोस, घाटात गिअर बदलतोस की गाडीला शिव्या देतोस. "माणूस बघून प्लग," असं त्याचं शास्त्र. घरून दुकानात आणि दुकानातून घरी रांगणाऱ्या गाडीला गरम प्लग, म्हणजे स्वतःची काजळी स्वतःच जाळून टाकणारा. भरल्या गाडीनं घाट चढणाऱ्याला थंडा, नाहीतर इंजिन आतून भाजून निघतं. नंदकुमारला त्यानं पहिल्या भेटीतच वरपासून खालपर्यंत बघून निकाल दिला होता. "तुला गरम. तू जातोस कुठं? अन् तोंड इतकं चालवतोस, त्यातलं थोडं गाडीला चालू दे."

तेव्हापासून दोस्ती. त्या दोस्तीत नंदकुमारचंही एक काम होतं. चांगल्या जळलेल्या प्लगचा रंग बदामी असतो. काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे इंजिन तापतंय. काळं-पांढरं कोणालाही कळतं, पण मधल्या छटांमध्ये गोटू अडखळे. नंदकुमारचा सारा जन्म मॅचिंगमध्ये गेलेला. गोटूनं प्लग काढायचा, फडक्यावर ठेवायचा आणि म्हणायचं, "बोल शेठ, कुठला पीस?" नंदकुमार प्लग उजेडात धरून म्हणायचा, "बदामी. पण कॉफीकडे झुकलेला." मग गोटू कार्बोरेटरचा स्क्रू केसाएवढा फिरवायचा. पुन्हा काढायचा. "आता?" "आता पक्का बदामी. यावर मरून साडी चालेल."

काम झालं की ट्रायल. ट्रायल म्हणजे असीरगढचा घाट, दुसरीकडे चालायची नाही. गोटू शेजारी बसणार, घाट चढताना डोळे मिटणार, वर पोचल्यावर गाडी बंद करायला लावणार, किल्ल्याकडे बघत भजी खाणार आणि मगच "हां, आता ने घरी" म्हणणार. गाडी कोणाचीही असो, ट्रायलला नंदकुमार हवाच. दुकान निर्मलावर टाकून तो पळायचा. ती म्हणायची, "यांचं लग्न चुकून माझ्याशी झालं."

लूमच्या गल्लीत माणसं बोलत नाहीत, ओरडतात. दोन्ही शेडमध्ये माग खटाखट चालू असताना शेजारच्याला विडी मागायची तरी हातवारे करावे लागतात. त्यामुळे गोटूही ओरडायचा आणि त्याच्याशीही सगळे ओरडायचे. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. तो हल्ली बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघतो, हे नंदकुमारच्या लक्षात आलं होतं, पण त्याला वाटलं की आपलं बोलणंच बघण्यासारखं आहे.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. पद्मिनी खरोखरच मिसिंग मारत होती, म्हणून नंदकुमारनं ती गोटूकडे नेली. गोटूची फेरी झाली, मडगार्ड थोपटून झालं, सायलेन्सरमागे तळहात धरून झाला. एवढ्यात गल्लीची लाइट गेली. माग थांबले. दोन्ही शेडमधून कामगार घाम पुसत बाहेर आले, सुकलालच्या चहाच्या गाड्यासमोर जमले, आणि समोर आयता तमाशा चालू आहे म्हटल्यावर गॅरेजकडे तोंड करून उभे राहिले. गल्लीत चिटपाखराचा आवाज नाही. फक्त पद्मिनीचं फट् फट् फट्, गप्प.

गोटूनं गाडीकडे पाठ केली. डोळे मिटले. मान तिरपी.

नंदकुमार स्टिअरिंगवर बसलेला. समोर पंचवीसेक माणसं फुकटची, आणि हा माणूस प्रेक्षक दिसले की गप्प बसणारा नव्हे. त्यानं कामगारांकडे बघून डोळा मारला आणि किल्ली फिरवून गाडी बंद केली. त्याचा हिशेब सोपा होता. गोटू गर्रकन वळेल, आईबापाचा उद्धार करेल, लोक हसतील, चहा होईल.

गोटू वळला नाही.

संपूर्ण शांततेत तो मान तिरपी करून उभा राहिला. मग एक बोट वर गेलं. "ऐका!" तो ओरडला. "तीन नंबर! आत्ता टाकला बघा. हां... परत टाकला!"

गल्ली फुटलीच. सुकलालच्या हातातली किटली हिंदकळली. एक जण तर शेडच्या भिंतीला धरून खाली बसला. गोटूला हसणं पाठीमागून नाही, समोरच्या तोंडांवरून कळलं. त्याला वाटलं आपली अदा आवडली, म्हणून तोही हसला आणि मान जराशी लववली.

इथपर्यंतही सावरता आलं असतं. गोटूला ऐकू येत नाही, हे नंदकुमारला त्याच क्षणी कळलं होतं. पण जीभ डोक्याला विचारून थोडीच चालते! वाक्य तयार होतं आणि ते बाहेर पडलं, माईकशिवाय पण माईकच्या आवाजात.

"अरे गोटू, गाडी कधीची बंद आहे! तू कुठलं स्टेशन ऐकतोयस?"

आता गोटू वळला. त्यानं आधी बॉनेटकडे पाहिलं, ते थरथरत नव्हतं. मग किल्लीवरच्या नंदकुमारच्या हाताकडे पाहिलं. मग तोंडाकडे. शिवी दिली नाही. खांद्यावरचं फडकं काढून स्वच्छ असलेले हात पुसले आणि म्हणाला, "लाइट आली की या." एवढं बोलून तो पत्र्याआड गेला.

लाइट आली. माग सुरू झाले. गोटू बाहेर आला नाही. दुसऱ्या दिवशी गॅरेज उघडलं नाही, आणि त्यानंतरही नाही.

नंदकुमारनं घरी येऊन तीन नंबरचा प्लग काढला. कोळशासारखा काळा; घासून परत लावल्यावर गाडी सरळ झाली. म्हणजे गोटूनं बरोबर सांगितलं होतं. मडगार्डवर, सायलेन्सरच्या धक्क्यावर, तळहातानं ऐकलं होतं. पाठ फिरवणं आणि डोळे मिटणं, ते कान शाबूत असतानाच्या दिवसांचं राहिलेलं सोंग होतं, आणि सोंगाला हात लावायची काही गरज नव्हती. पुढे भाजीबाजारात गोटूची बायको आशाबाई निर्मलाला भेटली, तेव्हा बाकीचं कळलं. चारेक वर्षांपासून ऐकू कमी होतं. इंदूरला दाखवलं होतं. कोणाला सांगू नको म्हणून बायकोला देवाची शपथ घातली होती. "त्यांना वाटायचं, नंदूभावजींना तरी माहीत असेल," आशाबाई म्हणाली. "बोलत नसतील, सांभाळून घेत असतील."

हे वाक्य निर्मलानं घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. त्या रात्री नंदकुमार अर्ध्या ताटावरून उठला. निर्मलानं भाजीत मीठ आहे का ते दोनदा चाखून पाहिलं.

तर आता तो रविवार. पद्मिनी लंगडत लंगडत, गोटू राहायचा त्या लालबागेकडे निघाली. लोक वळून बघत होते आणि नंदकुमार प्रत्येकाला मान डोलावून दाखवत होता, जणू वरातीत घोड्यावर बसलाय. गोटूच्या घरासमोर त्यानं गाडी थांबवली, पण बंद केली नाही. या गाडीची किल्ली आता गोटूसमोर फिरवायची त्याची हिंमत नव्हती.

आशाबाई बाहेर आली. "अय्या, भावजी! किती दिवसांनी!"

"गाडी मिसिंग मारते, वहिनी. म्हटलं, दाखवावं."

"घरीच आहेत. कुठं जातात आता." तिनं आत जाऊन नवऱ्याच्या खांद्याला हात लावला.

गोटू बनियनवर बाहेर आला. थोडा वाळला होता. इंदूरहून आणलेलं ऐकायचं यंत्र कानात नव्हतं. ते खिडकीत डबीत ठेवलेलं दिसत होतं. त्यानं नंदकुमारकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, आणि तळहात मडगार्डवर ठेवला. फेरी नाही, थोपटणं नाही, पाठ करणं नाही. मग बॉनेट उघडून प्लगच्या वायरी एकेक करून उपसायला लागला. पहिली काढली, इंजिन आणखी कुंथलं. परत लावली. दुसरी, तसंच. तिसरी काढली आणि इंजिनाला काहीच फरक पडला नाही. मेलेल्याला चिमटा काढल्यासारखं. गोटूनं हातानंच खूण केली, बंद कर.

प्लग बाहेर आला. पेट्रोलनं ओला. गोटूनं तो फडक्यावर ठेवला. नंदकुमार पुढे सरकला. मनात म्हणाला, आता विचारेल, बोल शेठ, कुठला पीस.

गोटूनं विचारलं नाही. मिटलेली फट बघितली, प्लग डोळ्याजवळ नेला, आणि मग नाकाजवळ.

"मिरची," तो म्हणाला.

"काय?"

"मिरचीचा वास येतोय, नंदू." त्यानं खिशातून करवतीच्या पात्याचा तुकडा काढला, आकडी अलगद उचलली, पातं फटीतून सरकवून बघितलं आणि प्लग परत बसवला. "लाव."

नंदकुमारनं गाडी लावली. ती दुधासारखी चालली. गोटू मागे गेला, सायलेन्सरमागे तळहात धरून उभा राहिला, मग पुढे आला आणि नंदकुमारच्या खिडकीशी वाकला.

"कशी वाजते?" त्यानं विचारलं.

इतक्या वर्षांत हा प्रश्न गोटूनं कोणाला विचारला नव्हता. तो सांगायचा, विचारायचा नाही. गाडी चालू होती, आशाबाई चहा टाकायला आत गेली होती, समोरच्या ओट्यावर म्हातारी सोजरबाई गहू निवडत होती आणि बाकी गल्ली रिकामी. याहून बरी वेळ मिळायची नव्हती. तो म्हणाला, "गोटू, चुकलं रे माझं."

पण ते तो हळू म्हणाला. असली गोष्ट माणूस हळूच म्हणतो. आणि मान खाली घालून, स्टिअरिंगला.

"काय?" गोटू ओरडला. "तोंडातल्या तोंडात काय बोलतोस? मोठ्यानं बोल!"

सोजरबाईनं मान वर केली. शेजारच्या घरातून कोणीतरी पडदा बाजूला केला. पंचवीस माणसांसमोर ज्याची जीभ क्षणभर थांबली नव्हती, त्या नंदकुमारला त्या एका म्हातारीचा आणि एका पडद्याचा संकोच वाटला. तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं.

"छान!" तो ओरडला. "छान वाजते म्हटलं!"

गोटू त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. पहिल्या वेळेला ओठ कसे हलले होते आणि आता कसे हलले, हे त्याला कळलं असेल की नाही, कोण जाणे. त्यानं बॉनेट खाली दाबलं.

"गॅरेज कधी उघडतोस?" नंदकुमारनं विचारलं, हे मात्र मोठ्यानं.

"देऊन टाकलं. मोबाइलवाला घेतोय."

"आणि शाहपूरवाले?"

"यंत्र लावलं ना, की साऱ्या गाड्या सारख्याच वाजतात. डब्यात खडे हलवल्यावानी." गोटूनं फडकं झटकलं. "चहा घेऊन जा, आशा टाकतेय."

"ट्रायलला चल ना. असीरगढ. भजी..."

"तू जाऊन ये," गोटू म्हणाला आणि दाराकडे वळला. उंबऱ्याशी थांबून, मागं न बघताच म्हणाला, "अन् पुढच्या वेळी वरवंट्यानं नको ठोकू. प्लगची चिनीमाती तडकते. पक्कडीनं दाब."

मग तो आत गेला. नंदकुमारनं चहा घेतला, आशाबाईशी हवापाण्याचं बोलला, तिला हसवलंसुद्धा. आतल्या खोलीकडे गेला नाही. तेवढी चार पावलं होती.

असीरगढला मात्र गेला. घाट गाडीनं एका दमात चढला, कुठे एक ठोका चुकवला नाही. भजीवाल्यानं लांबूनच ओळखलं आणि विचारलं, "मिस्त्री नाही आले?" नंदकुमारनं मान हलवली. भजी गरम होती. बोलायला कोणी नव्हतं, त्यामुळे लवकर संपली.

घरी पोचला तेव्हा निर्मला अंगणात पाट्यावर मिरची वाटत होती. गाडी गुपचूप येऊन उभी राहिली, तशी ती म्हणाली, "झाली वाटतं दुरुस्त."

"फट मिटली होती. त्यानं पातं घालून उघडली. एक मिनिट लागलं."

"मी प्लगचं नाही विचारलं."

नंदकुमारनं चप्पल काढली, परत घातली. गाडीजवळ गेला, बॉनेट उघडलं आणि नुसताच आत बघत उभा राहिला.

"अहो," निर्मला म्हणाली, "बोललात का?"

"बोललो," नंदकुमार म्हणाला. मग जरा थांबून, "हळू बोललो."

निर्मलानं त्याच्याकडे बघितलं आणि वरवंटा आपल्याजवळ ओढून घेतला.